जुन्या पिकअपची पारख

महाराष्ट्रातील लहान शेतकऱ्याच्या मालवाहतुकीत २००५ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागते, कारण त्या वर्षी टाटा मोटर्सने ‘एस’ ही छोटी चारचाकी मालगाडी बाजारात आणली आणि तीनचाकी टेम्पो व मोठा ट्रक यांच्यामधली जागा भरून निघाली. गावोगावी ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीनंतर २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’ व २०१६ मध्ये मारुतीची ‘सुपर कॅरी’ आली, अधिक वजनाच्या मालासाठी महिंद्राच्या पिकअप होत्याच. आणि या गाड्या काही वर्षे राबून पुन्हा विक्रीला येऊ लागल्यामुळे जुन्या पिकअपचा एक मोठा बाजार उभा राहिला. ज्या खरेदीच्या अनुभवावर प्रस्तुत लेखन आधारलेले आहे ती लेखकाच्याच कुटुंबाची असून, हे कुटुंब जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ टोमॅटो व कांदा पिकवते आणि भाड्याच्या गाडीची वाट पाहण्यात माल उशिरा बाजारात पोचतो, या एकाच कारणासाठी ते स्वतःच्या गाडीच्या शोधात निघाले होते.

गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न बहुधा कंपनीच्या नावापासून सुरू होतो, वास्तविक तो मालाच्या वजनापासून सुरू व्हायला हवा. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो साधारण २० किलोच्या प्लास्टिक क्रेटमधून जातो. मूळच्या एसची भारक्षमता सुमारे ७५० किलो असल्यामुळे रिकाम्या क्रेटचे वजन धरता ३५ क्रेटच्या आसपास तिची मर्यादा संपते. प्रत्यक्षात अशा गाड्यांवर त्याच्या दीडपट, दुप्पट माल रचलेला सर्रास दिसतो. कुटुंबातील थोरल्यांचे म्हणणे दीड टनाची पिकअपच घ्यावी असे होते, कारण तोडा भरात असताना एका खेपेत माल निघाला पाहिजे. परंतु असे दिवस हंगामात मोजकेच येतात, उरलेल्या वर्षात मोठ्या इंजिनाचे डिझेल, टायर आणि विमा यांचा खर्च मात्र चालूच राहतो, म्हणून गाडी रोजच्या मालाच्या मापाने घ्यावी आणि भरातल्या दिवसांत दुसरी खेप करावी किंवा भाड्याची गाडी जोडीला घ्यावी, असे अखेरीस ठरले. लेखकाच्या मते हा निर्णय बहुतेक लहान बागायतदारांना लागू पडतो. परवान्याच्या दृष्टीनेही छोटी गाडी सोयीची असते, कारण ज्या मालगाडीचे एकूण भारवजन, म्हणजे गाडीचे स्वतःचे आणि मालाचे मिळून वजन, ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही तिला मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहतूक परवाना लागत नाही.

जुन्या मालगाडीच्या बाबतीत मॉडेल, साल आणि धावलेले किलोमीटर यांच्यापेक्षा तिने आजवर काय वाहिले हे अधिक महत्त्वाचे असते, आणि ही गोष्ट कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते. कुटुंबाने पाहिलेल्या गाड्यांपैकी सर्वांत देखणी गाडी किनारपट्टीवरून आलेली होती. नवा रंग, नवी सीट, हौद्यात नवा पत्रा असा तिचा थाट होता. परंतु सोबत नेलेल्या मेस्त्रींनी ती खाली सरपटून पाहिली तेव्हा चासीच्या, म्हणजे सगळी गाडी ज्याच्यावर उभी असते त्या पोलादी सांगाड्याच्या, आडव्या पट्ट्यांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवताच गंजाचे पापुद्रे सुटू लागले. ती गाडी मासळी वाहत होती. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून रोज खाली झिरपत राहिले की रंग कितीही वेळा मारला तरी लोखंड आतून खाल्ले जाते. वीटभट्टीवर राबलेल्या दुसऱ्या एका गाडीचे मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची चवड, इतके बसले होते की रिकामी असतानाही गाडी एका अंगाला कललेली होती आणि चासीवर वेल्डिंगचा जाड सांधा होता. पाटे बदलता येतात, परंतु जोडलेल्या चासीचा भरवसा कोणताही प्रामाणिक मेस्त्री देत नाही. दूधसंकलनाच्या गाड्या खूप धावलेल्या असल्या तरी एका दिवसाचा खाडाही परवडत नसल्याने त्यांचे तेलपाणी सहसा वेळच्या वेळी झालेले असते, म्हणून मीटरवरील मोठ्या आकड्याला घाबरून त्या नाकारू नयेत.

शेवटी पसंत पडलेली एस शहरात बेकरीचा माल पोचवणारी होती. पाव आणि खारी यांचे वजन ते किती! त्यामुळे पाटे, एक्सल आणि हौदा जवळजवळ मूळ अवस्थेत होते, मात्र दारोदारी थांबत चालल्यामुळे क्लच प्लेट संपत आली होती, ब्रेक लायनर झिजले होते आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, अडखळत होता. विक्रेत्याने हे दोष लपवले नाहीत. येथे जे तत्त्व कामी आले ते असे की, ज्या दोषाचा खर्च गॅरेजवाला आधी सांगू शकतो तो दोष स्वीकारून तितकी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी आणि ज्याचा खर्च कोणीच सांगू शकत नाही अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच घ्यावी लागते, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवण्याची युक्ती जुनी असल्यामुळे मेस्त्रींनी बॉनेट नसलेल्या या गाडीची सीट उचलून आधी इंजिनाला हात लावून पाहिला. सुरुवातीच्या एसमधील दोन सिलिंडरचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन रचनेने साधे आहे आणि तालुक्याच्या गावी ते उघडणारे हात सहज मिळतात, ही तिची मोठी जमेची बाजू होय. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडल्यावर तेथून जोराने धूर येत असेल तर त्याला मेस्त्री लोक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजल्यामुळे जळालेला वायू खाली उतरत असल्याची ती खूण असते. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर निघणे म्हणजे ऑइल जळणे, तर काळा धूर बहुधा इंजेक्टर किंवा हवेच्या फिल्टरकडे बोट दाखवतो आणि हा दुसरा दोष तुलनेने किरकोळ असतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असल्यामुळे त्या घेताना गावातल्या मेस्त्रींच्या बरोबरीने संगणकावर तपासणी करणाऱ्या कार्यशाळेचाही सल्ला घ्यावा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवर कोरलेले चार अंक वाचावेत, कारण त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; ‘२३१९’ असलेला टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील असतो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी खरा धोका तेथेच असतो. मालगाडीचे पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतन करावे लागते, म्हणून सात-आठ वर्षांची गाडी घेताना हा वार्षिक खर्च हिशेबात धरावा. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी तिचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ लागतो. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. एजंट मंडळी पुष्कळदा सह्या केलेले कोरे नमुने हातात देऊन नाव सावकाश चढवा असे सुचवतात आणि लेखकाच्या कुटुंबालाही हाच सल्ला मिळाला होता. तो मानला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की गाडी किती हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, त्यामुळे हस्तांतर वेळेवर होण्यात विकणाऱ्याचेही तितकेच हित असते. या मुद्द्यावर विक्रेता राजी झाला आणि रकमेचा शेवटचा भाग नोंदणीत नाव चढल्यावर द्यावयाचा ठरला.

जुनी पिकअप घेऊ पाहणाऱ्या शेतकरी बांधवांनी पहाटेच्या थंड इंजिनावर, आपल्या विश्वासातल्या मेस्त्रींना सोबत नेऊन, गाडी खालून पाहावी, आणि आरसीवर स्वतःचे नाव दिसेपर्यंत पूर्ण रक्कम कोणाच्याही हाती देऊ नये.