बाकी

माझ्याकडे घरखर्चाची एक वही आहे. नोकरी लागली त्या वर्षापासून सुटलेली नाही. पानाच्या डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. गुरुवारी बारामतीचा आठवडे बाजार झाला की रात्री मुलांचे पेपर तपासायच्या आधी मी ही वही उघडते. मेथी दोन जुड्या, कांदे, लिंबं, मुलाच्या बुटाची शिलाई, सगळं लिहिते. घरातले हसतात. हसू देत. याच सवयीवर माझं बी.एड. झालंय. अब्बांच्या पगारात पाच माणसांचं घर चालवून अम्मीने माझी फी बाजूला काढली होती. तेव्हा काटकसरीची टिंगल मला खपत नाही.

पण गेल्या काही महिन्यांत याच वहीत माझी एक चूक सापडली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदापूरला राहते. उर्दू शाळेत असताना तिचं अक्षर सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. मी फळ्यावर लिहिलेला अलिफ ती वहीत मोजून काढायची. नस्तालिकमध्ये अक्षराचं माप नुक्त्यावर असतं, हे मी वर्गात सांगितलं होतं. कलमाच्या टोकाची जेवढी रुंदी, तेवढा चौकोनी नुक्ता आणि अलिफ साधारण तीन नुक्त्यांइतका उंच. बाकीच्यांनी ऐकलं आणि विसरले. हिने ते धरून ठेवलं. पुढे अच्युत पालव यांची मोडी आणि देवनागरीची सुलेखनं कुठल्याशा पुस्तकात पाहिली आणि दोन्ही लिप्या हाताला लावून घेतल्या. नोकरी नाही, संस्था नाही, गॅलरी तर नाहीच. घरातल्या खिडकीखाली एक पाट, बोरू, शाईची दौत आणि मोबाइल. एवढ्यावर तिने ऑनलाइन दुकान उघडलं.

दुकान म्हणजे काय, तेही सांगते. एका पोर्टलवर तिचं पान आहे. फोटो स्वतः काढते, सकाळी नऊ ते दहा, कारण तेव्हाच खिडकीतून ऊन थेट येत नाही. पैसे यूपीआयने येतात. पार्सल बांधून पोस्टात स्वतः जाते. आधी अशा पोर्टलवर वस्तू विकायची तर विक्री शंभर रुपयांची असली तरी जीएसटीची नोंदणी लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर आपल्या राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं. ती म्हणाली, ‘मॅडम, तो नियम बदलला नसता तर मी दुकान उघडलंच नसतं.’ म्हणून त्या पानावरून तिचा माल फक्त महाराष्ट्रात जातो.

तिचं सगळ्यात जास्त खपलेलं काम कोणतं असेल? ‘विठ्ठल’. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघायच्या दिवसांत त्याची मागणी येते. रमजानमध्ये ‘बिस्मिल्लाह’ जातं. एरवी घरांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका.

या वर्षी मात्र तिने स्वतःच्या मनाने एक काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं, ऑर्डर नव्हती. बारा शब्द, प्रत्येक शब्द एकाच कागदावर दोन लिप्यांत. वर देवनागरी, खाली नस्तालिक. शब्द असे: दुकान, बाजार, किंमत, हिशेब, जमा, खर्च, बाकी, नफा, मजुरी, कागद, शाई, कलम.

यादी वाचून मी थबकले. ही तर माझ्या वहीची भाषा! आणि यातला प्रत्येक शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेला. उर्दूतला हिसाब इथे हिशेब झाला, मज़दूरीची मजुरी झाली, सियाहीची शाई झाली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबाराचं ठीक आहे. बाजारात मात्र बाई मेथीची ‘किंमत’च विचारत राहिली आणि वाणी ‘बाकी’च लिहीत राहिला. मी वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवते आहे. मुलांना सांगते की तुमच्या घरची बोली आणि शाळेबाहेरची मराठी यांच्यामध्ये भिंत नाही. ते सांगायला मला चाळीस मिनिटांचा तास लागतो. या मुलीने ते बारा कागदांवर मांडून ठेवलं होतं.

मला ‘बाकी’ हवा होता. मराठीत बाकी म्हणजे देणं राहिलेलं, वजाबाकीत उरलेलं. उर्दूत बाक़ी म्हणजे उरणारं, टिकणारं, आणि शेवटी जे कधीच संपत नाही तेही. अक्षरही देखणं उतरलं होतं. बे अलिफाला जोडलेला, मग क़ाफ, मग येचा लांब झोका. बेखाली एक नुक्ता, क़ाफवर दोन. तीनच नुक्ते, पण अख्खा कागद त्यांच्यावर तोललेला.

तिच्या पानावर दोन किमती होत्या. छापील प्रत साठ रुपये. हाताने लिहिलेलं मूळ काम नऊशे.

मी फोन केला. खूप कौतुक केलं, अगदी मनापासून. आणि शेवटी, बाजारात भाजीवालीला विचारावं तसं विचारलं, ‘आणि घरच्या माणसाला कितीला गं?’

ती हसली. ‘मॅडम, तुमारे वास्ते कम करती मैं. छे सौ दो.’

सहाशे दिले. वहीत लिहिलं: भेटवस्तू, 600. शेजारी कंसात आनंदाने लिहिलं: 300 वाचले.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी इंदापूरला जायचं झालं. चुलत बहिणीकडे काम होतं. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत एसटीने गेले. काम लवकर उरकलं. रविवारी तिथे आठवडे बाजार असतो. तो ओलांडून या मुलीच्या घरी गेले.

ती कामात होती. ‘बसा मॅडम, ही शाई सुकेपर्यंत उठता येत नाही,’ म्हणाली. मी बसले आणि पाहत राहिले. तिने तोच शब्द लिहायला घेतला होता, कुणाची तरी ऑर्डर होती. पहिल्या कागदावर देवनागरी छान उतरली, पण क़ाफच्या वळणावर शाई फुटली. कागद बाजूला. दुसऱ्यावर येचा झोका थोडा आखूड झाला. मला तो दिसलाही नाही, तिने बोट ठेवून दाखवला. कागद बाजूला. तिसऱ्यावर बोरूचं टोक झिजलेलं निघालं. तिने चाकूने नवं टोक छाटलं, रद्दीवर दहा वेळा ओढून पाहिलं. चौथाही गेला. पाचवा कागद तिने ठेवला.

मी हिशेबाची बाई. डोक्यात आकडे आपोआप मांडले जातात. हातकागदाचा एक ताव तिला ऐंशी रुपयांना पडतो, तेही पुण्याहून मागवून. पाच तावांचे चारशे. पुठ्ठा, प्लास्टिक, पोस्ट मिळून सत्तर. म्हणजे मी दिलेल्या सहाशेतून तिच्या हातात राहिले एकशे तीस. काम दोन संध्याकाळचं. आमच्याकडे खुरपणीला जाणारी बाई एका दिवसाचे तीनशे घेते आणि तेही कमीच आहेत.

ज्या तीनशे रुपयांपुढे मी ‘वाचले’ लिहिलं होतं, ते कुठून वाचले होते हे मला तिथे पाटाशेजारी बसून कळलं. कागदवाल्याने त्याच्या किमतीतून काही सोडलं नव्हतं. पोस्टानेही नाही. ते सगळे तिच्या मजुरीतून गेले होते. आणि ‘मजुरी’ हा शब्द समोर भिंतीवर, दोन्ही लिप्यांत, सुकायला टांगलेला होता.

परतीच्या एसटीत मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. मी चैनीची बाई नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, वाईट असं लहानपणापासून ऐकलं आहे. पण त्याच शिकवणीत बुख्लही वाईट म्हटला आहे, म्हणजे द्यायच्या जागी हात आखडणं. उधळपट्टीवर माझा पहारा कडक होता. या दुसऱ्याची मी कधी झडतीच घेतली नव्हती.

मोबाइलवरच्या खरेदीचंच बघा ना. उशीचे अभ्रे, डबे, मुलाचं दप्तर मी ऑनलाइन घेते. तिथे 149 लिहिलेले असतील तर 149 देते. स्क्रीनशी कोण घासाघीस करणार? घासाघीस मी तिथे करते, जिथे समोर माणूस आहे आणि त्याला माझी भीड आहे. भाजीवाली. शिलाईवाला. आणि माझी विद्यार्थिनी, जिच्यासाठी मी ‘मॅडम’ आहे. ती मला नाही म्हणूच शकत नव्हती.

अम्मी अशी नव्हती. पातेलं घ्यायचं तर ती चार दुकानं फिरायची, दुकानदाराला घाम फोडायची. पण दारात कल्हईवाला आला की त्याने सांगितलेले पैसे तसेच द्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘पातेलं दुकानदाराने कुठून तरी आणलंय. कल्हई याच्या हातची आहे.’ मला तेव्हा हे बायकी बोलणं वाटलं होतं.

कुणी म्हणेल, मग गरिबाने, मध्यमवर्गाने घरात कला लावायचीच नाही का? असं कुठे आहे? त्याचा रस्ता आपल्याच भागातून गेलेला आहे. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला, आपल्याच पुणे जिल्ह्यात. संस्थानिकांच्या महालातली चित्रं तिथे दगडावरून कागदावर उतरली आणि साध्या घरांच्या भिंतींवर पोचली. धंदा म्हणून छापखान्याने त्यांना कर्जात टाकलं आणि शेवटी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पण स्वस्त छापील चित्राची वाट पडली ती पडली. आमच्या घरातलं मक्का-मदिनेचं चित्रही त्याच वाटेने, उरुसातल्या फरशीवरच्या दुकानातून आलं होतं. छापील प्रत घेणं हीच खरी काटकसर आहे. साठ रुपयांत तोच शब्द, तीच वळणं. चित्रकाराला नुकसान नाही, कारण त्या किमतीत तिचा हिशेब बसलेला आहे. मी हुशारी केली ती अशी की हातचं काम हवं, पण त्याची किंमत पूर्ण द्यायची नाही.

याचा शेवट कुठे होतो तेही मी पाहिलेलं आहे. माझ्या लहानपणी उर्दू लग्नपत्रिका कातिब हाताने लिहायचे आणि मग ती छापली जायची. 1981 मध्ये नूरी नस्तालिक हा संगणकावरचा टाइप आला, 1994 मध्ये इनपेज आलं. मी स्वतः प्रश्नपत्रिका इनपेजवर करते, तक्रार नाही. पण कातिब कुठे गेले, हे आम्ही उर्दूवाल्यांनी फारसं विचारलं नाही. जुन्नरचे कागदी, ज्यांच्या कागदावर पेशवाईतली दफ्तरं लिहिली गेली, त्यांचा हातही असाच थांबला. आज इंदापूर तालुक्यातच भिगवणला कागदाचा मोठा कारखाना आहे. यंत्राने केलेलं यंत्राच्या भावात मिळावं, हे योग्यच आहे. प्रश्न एवढाच आहे की जे हाताने होतं, त्याला हाताचा भाव द्यायला कोणी उरतं का.

घरी आल्यावर मी तिला तीनशे रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, ‘बाकी’.

मला वाटलं होतं ती म्हणेल, नको मॅडम, तुमच्याकडून कसे घेऊ. मग मी आग्रह करेन, ती संकोचेल, मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. दहा मिनिटांनी तिचा निरोप आला: ‘मिळाले मॅडम. वहीत लिहिले. शुक्रिया.’ सोबत एक फोटो. तिच्याही घरी वही आहे! डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, जशी मी आठवीच्या मुलींना आखायला शिकवली होती तशीच. माझ्या नावापुढे सहाशे, आणि खाली नव्या शाईत तीनशे. सहाशेच्या पुढे तिने ‘सूट’ असं काही लिहिलेलं नव्हतं. ती जागा तिने तेव्हा कोरी सोडली होती.

मीही माझी वही काढली. ‘300 वाचले’ खोडलं. नऊशेचा आकडा ‘भेटवस्तू’मध्ये ठेवायचा की ‘घरखर्चा’त, यावर थोडा वेळ अडले. मग घरखर्चातच लिहिला, मेथी आणि बुटाच्या शिलाईच्या खाली.

चौकट आता हॉलमध्ये आहे, दाराच्या समोर. पाहुणे विचारतात, ‘कितीला पडली?’ मी पूर्ण किंमत सांगते.