दोरी, खिळा आणि टिक्झ

लेटेकमध्ये गणिताच्या प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना टिक्झ ठाऊक असतं. टिल टांटाऊ या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने ते तयार केलं. त्या जर्मन नावाचा विस्तारच मुळी 'टिक्झ हे चित्र काढायचं साधन नव्हे' असा आहे, आणि तो खरा आहे. इथे माउसने काही ओढायचं नसतं, सगळं लिहून सांगायचं असतं. वर्तुळ हवं तर लिहायचं: ड्रॉ, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य, सर्कल, कंसात दोन, शेवटी अर्धविराम. केंद्र कुठे आणि त्रिज्या किती हे कळलं की २ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ कागदावर उमटतं.

मी शाळेत गणित शिकवतो. दहावीच्या स्पर्शिका आणि स्पर्शवर्तुळं मी वर्षानुवर्षं अशीच काढत आलोय. पण या भाषेची खरी गरज गेल्या वर्षी पडली, आमच्या गावच्या मशिदीच्या खिडकीसाठी.

त्या खिडकीची लाकडी जाळी अब्बांनी तरुणपणी केली होती. अब्बा सुतार. जाळीला वाळवी लागली आणि जमातीच्या बैठकीत तयार पत्रा आणून बसवायचं घाटत होतं, कारण जुना नमुना कुणाकडेच नव्हता. अब्बांच्या उस्तादांनी कागदावर कधी काही दिलंच नाही. आणि अब्बांचे हात आता थरथरतात, पेन्सिल धरवत नाही. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

रोज मगरिबनंतर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसायचो. ते सांगायचे, "खिळा ठोक, दोरी बांध, एक फेरा मार. आता तेवढ्याच दोरीने माप घेत फेऱ्यावर खिळे ठोकत जा. सहा मापांत जिथून निघालास तिथेच येशील." मी लिहायचो: शून्य अंशापासून साठ-साठने तीनशेपर्यंत जा, प्रत्येक कोनावर दोन अंतरावर केंद्र धर आणि दोन त्रिज्येचं वर्तुळ काढ. टिक्झला बिंदू असा कोन आणि अंतर देऊनही सांगता येतो. अंतर म्हणजे अब्बांची दोरी.

सहाच का, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मधला खिळा आणि फेऱ्यावरचे शेजारचे दोन खिळे जोडून मी समभुज त्रिकोण दाखवला, प्रत्येक कोन साठ अंशांचा. अब्बा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे उस्ताद बरोबर होते," एवढंच म्हणाले.

दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बूझजानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक ग्रंथ लिहिला. कंपास एकदा उघडल्यावर त्याचं तोंड न बदलता करायच्या रचना त्यात आहेत. सिद्धता जाणणाऱ्याला हाताचा सराव नसतो आणि कारागिराला सिद्धता ठाऊक नसते, ही अडचण त्यांनी तेव्हाच हेरली होती. आमच्या खाटेपाशी तेच दोघे बसले होते.

एक गंमत त्यांना सांगितली. पीडीएफमध्ये वर्तुळ नावाची वस्तूच नसते; चार वक्र रेषा जोडून ते भासवलं जातं. फरक सुमारे ०.०३ टक्के, म्हणजे १ मीटर त्रिज्येला जेमतेम पाव मिलिमीटर. अब्बा हसले. "पावसाळ्यात दोरी याहून जास्त आखडते."

त्यांचं सगळंच सांगणं भूमितीत बसणारं नव्हतं. पाकळीचं टोक फार बारीक केलं तर सागवान तिथेच चिरतं, म्हणून टोकाशी दोन सूत लाकूड राखायचं. अशा गोष्टी मी टक्क्याच्या चिन्हापुढे लिहून ठेवल्या. त्या चिन्हापुढचा मजकूर संगणक सोडून देतो, तो माणसांसाठी असतो.

जाळी शेजारच्या गावातल्या एका तरुण सुताराने केली. खिडकीच्या मापाप्रमाणे मी त्रिज्येचा एकच आकडा बदलला आणि सगळी नक्षी त्या मापाची झाली. ती मी त्याला छापून दिली. त्याने टक्क्यापुढच्या ओळीही मागून नेल्या.