रॉस्वेलचीं हिरवीं तळीं

रॉस्वेल हें नांव कानावर पडतांच बहुतेकांस १९४७ सालची उडत्या तबकडीची वदंता आठवते. गांवांतील दुकानदारही प्रवाशाची ही समजूत मोडीत नाहींत. पण अमेरिकेंतील न्यू मेक्सिकोमधल्या या गांवीं आमच्या मतें खरी मौज घडली ती पाण्यांत. अल्बुकर्कीहून आग्नेयेस मोटारीनें सुमारें २०० मैल जावें, तों चोहोंकडे रुक्ष माळ, त्यांतून वाहणारी पेकॉस नदी, आणि भूमीच्या पोटांत खारें पाणी.

पूर्वीं येथें खारें पाणी गोडें करण्याचे प्रयोग चालत. ते थांबल्यावर त्याच जागीं १९८० नंतरच्या दशकांत प्रत्येकीं १,००० चौरस मीटरांचीं दोन तळीं बांधण्यांत आलीं. तीं लांबोळीं व उथळ असून पाणी सतत फिरतें राहावें म्हणून त्यांत वल्ह्यांचें चाक बसविलें होतें. आणि त्यांत पेरलें काय, तर शेवाळ! आपल्याकडे विहिरीच्या पायरीवर कोणी घसरूं नये म्हणून जें घासून काढावयाचें, तेंच वाढावें म्हणून तेथें सरकार द्रव्य ओतीत होतें. मात्र हें शेवाळ अतिसूक्ष्म. सूर्यप्रकाश व कर्बाम्ल वायु यांवर वाढून अंगांत तेल सांठविणारें. १९७३ च्या तेलटंचाईनें धास्तावलेल्या अमेरिकेनें १९७८ ते १९९६ पर्यंत या शोधावर सुमारें अडीच कोटी डॉलर खर्चिले, आणि सुमारें ३,००० वाण गोळा केले.

अडचण होती ती त्या जीवाच्या स्वभावांतच. नत्राचा पुरवठा तोडला कीं पेशी तेल सांठवूं लागते. परंतु उपाशी पेशीची वाढही खुंटते. चारा तोडल्यावर दूध घट्ट झालें, पण चरवी कांहीं भरेना, असा हा प्रकार. रॉस्वेलला ऊन मुबलक. एखाद्या दिवशीं चौरस मीटरामागें ५० ग्रॅमपर्यंत शेवाळ निघे. तळ्यांत सोडलेला कर्बाम्ल वायुही शेंकडा ९० हून अधिक उपयोगीं पडे. पण तेथील थंडीमुळें तें उत्पन्न टिकेना. शिवाय प्रयोगशाळेंत लाडानें वाढविलेले वाण उघड्या तळ्यांत मागें पडत, आणि कोणीं न पेरलेलें तेथलेंच रानटी शेवाळ तळें बळकावून बसे! शेतांतील तणाशीं झुंजणाऱ्या आपल्या कुणब्यास हें नवल वाटणार नाहीं.

१९९८ च्या अहवालांत हिशेब मांडला आहे: उत्पन्नाविषयीं भरपूर आशा धरली, तरी हें तेल खनिज डिझेलच्या दुप्पट भावानें पडेल. त्यापूर्वींच सरकारनें आपलें मर्यादित द्रव्य मद्यार्कापासून होणाऱ्या इंधनाकडे वळविलें होतें. अठरा वर्षें पोसलेलें काम बाजारांतील त्या दिवसांच्या भावानें जोखावें, हें आम्हांस तरी पटत नाहीं. पिकाचा स्वभाव ओळखावयास शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या लागल्या आहेत. संग्रहांतील उरलेले वाण पुढें हवाई विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यांत आले.