ताट वाढलं, पण जेवलं कोण?

रविवार उजाडला की लेक डबा घेऊन वृद्धाश्रमाकडे निघते. आई तिथे राहायला जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिने तीस वर्षं संसार केला. बाबू मार्केटमधल्या भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत घासाघीस करायची आणि पै-पैचा हिशेब तोंडपाठ ठेवायची, अशी ती बाई!

गेल्या हिवाळ्यात मात्र तिला कालचं बोलणं आज आठवेना. खुर्चीतून उठताना तोल जाऊ लागला. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची.

"वय झालं, असंच चालायचं," सगळे म्हणाले. लेकीनेही तशीच मनाची समजूत घातली.

डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "आईंचं वजन किती?" लेकीला सांगता येईना. काट्यावर उभं केलं आणि तीन महिन्यांपूर्वीच्या कागदाशी ताडून पाहिलं, तर चार किलो कमी! पोटरीचा घेरही ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला. वृद्धांच्या कुपोषणाची ही एक साधी खूण मानली जाते. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्वही फार कमी निघालं.

मग उलगडा होत गेला. कवळी सैल झाली होती, पोळी चावत नव्हती. संकोचापोटी आईने कुणाला सांगितलं नाही. चहा-बिस्किटांवर दिवस ढकलला. आश्रमात ताट वेळेवर वाढलं जात होतं; ते रिकामं झालं का, हे मात्र कुणी पाहत नव्हतं.

हे दुष्टचक्रच असतं. खाणं घटलं की स्नायू झिजतात, चालणं कमी होतं, भूक मरते, मन उदास होतं आणि घास आणखी नकोसा होतो. बी-१२ कमी पडलं तर स्मरणशक्ती आणि तोल दोन्ही बिघडू शकतात. उतारवयात हे जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषलं जात नाही. शाकाहारी माणसाला तर ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं. प्रथिनांची गरजही वयाबरोबर कमी होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ४५ किलोच्या आजीला सुमारे ३७ ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीने ती कशी भागणार?

नवी कवळी आली, इंजेक्शनं सुरू झाली. ताटात मऊ मुगाची खिचडी, दही, पनीर आलं. शेजारच्या खोलीतल्या आजी सोबतीला जेवायला बसू लागल्या. सगळंच विसरणं काही आहारामुळे होत नसतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आईचंही सारं परत आलं नाही. पण आता ती काठी टेकत फाटकापर्यंत येते.

परवाच्या रविवारी लेकीच्या पिशवीतले टोमॅटो पाहून तिने विचारलं, "काय भावाने घेतलेस?"

लेकीने सांगितलं.

"लुटलं गं तुला!" आई म्हणाली.

लेकीने डोळे पुसले आणि डबा उघडला.