चार आकडी कुलूप

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चंद्रपूरच्या घरी नवा स्मार्ट टीव्ही आला आणि पहिल्याच संध्याकाळी मी त्याला कुलूप लावले. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने वेगळे प्रोफाइल तयार केले, ‘यू/ए 13+’च्या वरचे सारे बंद केले आणि चार आकडी पिन दिला. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरील आशयाची वयानुसार प्रतवारी बंधनकारक केली. 13+ आणि त्यापुढील आशयासाठी अशा कुलपाची सोयही. कायद्याने दिलेली सोय एका बापाने वापरली, इतकेच.

तरीही मनात काहीतरी खुपले. पुढच्या सत्रात मला एम. ए.च्या वर्गाला ‘सखाराम बाइंडर’ शिकवायचे होते. 1972 साली परिनिरीक्षण मंडळाने रोखलेले आणि उच्च न्यायालयात जाऊन सुटलेले नाटक. त्या मंडळाची मी दरवर्षी वर्गात यथेच्छ थट्टा करतो. आता घरात मीच एकसदस्यीय मंडळ होऊन बसलो होतो.

माझे बालपण वडसा-देसाईगंजच्या बाजूचे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीतल्या गावोगावी रात्रभर नाटके रंगत. आठ-नऊ वर्षांचा मी आजीच्या घोंगडीत शिरून पहाटेपर्यंत ती पाहत असे. खून, व्यभिचार, सावत्र आईचा छळ, मध्येच एखादी ठसकेबाज लावणी. माझे वय कोणी विचारले नाही. एखादा प्रसंग फारच अंगावर आला, तर आजी म्हणे, ‘डोरे मिट, पोरा.’ मी बोटांच्या फटीतून पाही, हे तिला अर्थातच कळत असे. सकाळी घरी परतताना ती विचारी, ‘भेव लागला का?’ आणि मग वाटभर बोलत राही. माझे कुलूप घोंगडीत माझ्या शेजारी बसलेले होते.

आठवडाभराने मुलगी रात्री एकटी झोपायला तयार होईना. कारण विचारले तर गप्प. दोन दिवसांनी रडत म्हणाली, ‘बाबा, तुम्ही पिन माझं जन्मसालच ठेवलंत ना?’ तिने तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. मैत्रिणींनी सांगितलेला एक चित्रपट तिने दुपारी एकटीने लावला, अर्धा पाहिला आणि घाबरून बंद केला. पण भीती सांगायची तर चोरी कबूल करावी लागणार. म्हणून ती आठ दिवस त्या भीतीसह एकटीच राहिली.

मला राग आला नाही, लाज वाटली. पिन सोपा ठेवल्याची नव्हे; तो बदलता येतो. पिन देऊन मी माझी जबाबदारी संपली असे समजलो, याची. यंत्राला पोरीचे वय कळले असेल; तिला भीती वाटली का, हे विचारणे त्याचे काम नव्हते.

कुलूप मी काढलेले नाही. ते काढावे असेही वाटत नाही; आमच्या गावातल्या नाटकाला सकाळ होत असे, या पेटाऱ्याला ती नाही. मात्र त्या रविवारी तो चित्रपट आम्ही दोघांनी पहिल्यापासून पाहिला. ती थांबली होती तो प्रसंग आला तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. मी म्हणालो, ‘डोरे मिट, पोरी.’

तिने बोटे डोळ्यांवर घेतली. त्यांत फट होती. मी ती पाहिली नाही असे दाखवले.