बेचाळीस दिवस

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. राजुरी
पावणेअकराला डेअरीतून हिशेबातल्या ताईंचा फोन. "दादा, नवा पासवर्ड मागतंय. दिला की नको म्हणतंय." १ ते १० तारखेची दुधाची बिलं आजच बँकेत जायची. मागून दूधवाल्यांचा गलका. घरूनच लावून दिला. बिलं संध्याकाळी गेली.

१२ ऑगस्ट
पासवर्डची मुदत बेचाळीस दिवस. विंडोज मुदतीआधी पाच दिवस सांगायला लागतं. एक्सपीत चौदा होते. पण सांगतं लॉगिन करताना. ताईंचं मशीन कोणी बंदच करत नाही. रविवारी रात्री लाइट गेली, सकाळी लॉगिन, तोवर मुदत उलटलेली.

१४ ऑगस्ट
पॉवरशेलच्या थोड्या ओळी. पासवर्ड शेवटचा कधी बदलला हे सर्व्हरला माहीतच असतं, विचारायचं फक्त. रोज सकाळी मुदत संपत आलेल्यांची यादी काढायची, मेल टाकायची.
एका खात्यावर 'कधीच संपू नये' अशी खूण. साहेबांचं. मुदतीचा नियमही साहेबांचाच.

१८ ऑगस्ट
मेल कोणी उघडली नाही. मुदत उलटली तर ती उघडायलाही तोच पासवर्ड लागणार.

२० ऑगस्ट
एसएमएस? ट्रायच्या नियमाने मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. राहू दे.

२४ ऑगस्ट, रात्री
गावच्या ग्रुपवर बिबट्या. कुठल्या उसाच्या कडेला, किती वाजता, कोणी बाहेर पडू नका. एवढंच. शेजारचे अण्णा पाणी धरायला गेलेच नाहीत.
माझी मेल काढून वाचली. 'आपल्या खात्याच्या पासवर्डची वैधता समाप्त होत आहे.' कोण थांबेल हे वाचून?

२५ ऑगस्ट
नवा मजकूर: 'ताई, तुमचा पासवर्ड सोमवारी २२ सप्टेंबरला सकाळी अकराला संपतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा. चेंज अ पासवर्ड निवडा.' यादी स्क्रिप्ट काढणार, व्हॉट्सॲपवर ज्याचं त्याला मी टाकणार. अर्धंच आपोआप.
बेचाळीस म्हणजे बरोबर सहा आठवडे. सोमवारी बदलला की सोमवारीच संपणार, त्याच वेळेला. २१ ला भादवी पोळा, २२ ला घटस्थापना. ११ ते २० चं बिलही तेव्हाच.

२७ ऑगस्ट
गणपती. कॉम्प्युटर उघडला नाही.

३ सप्टेंबर
साहेबांना सांगितलं, मुदत ठेवण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये मागे घेतला. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने त्याआधी, २०१७ मध्ये. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. ताईंच्या कीबोर्डखालची चिठ्ठी मी पाहिलीय. आकडा खोडून-खोडून कागद फाटायला आलाय.
"आणि ऑडिटर?" साहेब म्हणाले. विषय तिथंच संपला.

८ सप्टेंबर
चौदा दिवस आधीचा पहिला निरोप. सकाळी सातला नको, तेव्हा संकलनाची गर्दी. दहाला टाकला. निळी खूण आली. बदल नाही.

१५ सप्टेंबर
सात दिवस. ताईंचा अंगठा आला. बदल नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
यादीत ताईंचं नाव नाही. दोनदा पाहिलं. फोन न करता बदलला बाईंनी!
१७ अधिक ४२. २९ ऑक्टोबर. बिलाचा दिवस नाही.

२१ सप्टेंबर
पोळा. बैल मोजकेच. आमच्या आळीत ट्रॅक्टरलाच झेंडूची माळ.

२२ सप्टेंबर
घट बसले. अकरा वाजून गेले. साडेअकराला साहेबांचा फोन, पोटात गोळा.
प्रिंटर चालत नव्हता.