बडेअब्बांचे रिव्हॉल्व्हर

अब्बांचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडे कागद घेऊन बसलो. घर, बँकेतली ठेव, अम्मीचा आठवा हिस्सा, बहिणीचा हिस्सा, सगळे मौलानांना विचारून नीट लिहून काढले. शेवटी एक ओळ उरली. रिव्हॉल्व्हर, नग एक. त्याच्यापुढे किती रुपये लिहायचे हे कोणालाच सांगता येईना.

अब्बा 2022 च्या पावसाळ्यात गेले. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. अशा वेळी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मय्यतीच्या चौथ्याच दिवशी थोरल्या भावाने ते मुंबईच्या एका विक्रेत्याकडे पोचवले आणि पावती आणली. भिवंडीत, आमच्या मोहल्ल्यात, परवाना नसलेले हत्यार घरात ठेवून झोपायची आमची छाती नव्हती. का, ते 1993 नंतर वाढलेल्या आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

रिव्हॉल्व्हर आमच्या आजोबांचे. त्यांना आम्ही बडेअब्बा म्हणायचो. त्यांचा लाकडाचा धंदा होता, जव्हार-मोखाड्याच्या जंगलात कूप घ्यायचे, मजुरांचा पगार घेऊन रात्री-बेरात्री घाट चढायचे. हत्यार वेब्लीचे, सहा बारचे, .455 बोअरचे. म्हणजे नळीचे तोंड साडेअकरा मिलिमीटरचे, आमच्या धाकट्याची करंगळी आत जाईल एवढे. 1915 साली इंग्रजांच्या फौजेने हा नमुना घेतला होता. वजन किलोच्या वर. वर्षातून एकदा अब्बा ते वर्तमानपत्रावर उघडून तेल देत, आणि आम्ही हात मागे बांधून उभे राहून बघत असू.

किंमत विचारायला आम्ही तिघेही विक्रेत्याकडे गेलो. म्हातारा, चष्मा कपाळावर, बोलणे मोजके. त्याने हत्यार मधून मोडून रिकामे असल्याची खात्री केली. मग नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचे नख धरले आणि पुढून आत पाहिले. नखावरून परतणाऱ्या उजेडात आतले आटे दिसतात म्हणाला. आम्हालाही दाखवले. आटे होते, पण मध्ये एका जागी गंजाने खाल्लेले काळे ठिपके. मग घोडा चढवून त्याने चक्री दोन बोटांनी हलवून पाहिली. ती किंचित डुगडुगली. वरची खिट्टी घट्ट होती. चक्री आणि चौकट यांच्यावरचे नंबर एकच होते, याचे त्याला बरे वाटले. अमेरिकेत अशा कित्येक वेब्लींच्या चक्र्या मागून घासून त्यात .45 ची पिस्तुलाची काडतुसे घालतात, तसे याचे कोणी केलेले नाही. मूळ निळे पॉलिश मात्र कडांवरून उडालेले. आमच्यापैकी एकाने, त्याला खूश करावे म्हणून, पॉलिश करून आणू का असे विचारले. तो म्हणाला, “नका. जुन्या मालाला नवे पॉलिश केले की घेणाऱ्याला वाटते, काहीतरी झाकले आहे.”

अखेर आकडा सांगितला. बारा हजार.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .32 चे रिव्हॉल्व्हर काढले, त्याचीच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. आणि हे अस्सल विलायती. म्हाताऱ्याने शांतपणे समजावले. विलायती .32 ला लाखांनी भाव येतो, कारण बाहेरचा माल यायचा 1980 च्या दशकातच बंद झाला आणि .32 चा परवाना जिल्ह्यातून मिळू शकतो. पण .455 हे लष्करी काडतूस. 1959 चा शस्त्र कायदा 1962 साली लागू झाला तेव्हापासून हे बोअर निषिद्ध वर्गात. त्याचा परवाना दिल्लीहून. घेणारा कोण? काडतुसे कुठली? “वस्तू चांगली आहे,” तो म्हणाला, “पण वस्तूला गिऱ्हाईक लागते. गिऱ्हाईक नाही तिथे मी तुम्हाला लोखंडाचा आणि इतिहासाचा मिळून भाव सांगितला.”

आमच्यापैकी शाळेत गणित शिकवणाऱ्याला हे बोलणे लागले. पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या धड्यात खरेदी किंमत दिलेली असते, विक्री किंमत दिलेली असते, मुलांनी फक्त वजाबाकी करायची. गिऱ्हाईकच नसेल तर काय लिहायचे, असे एकही उदाहरण त्यात नाही.

दुसरा आकडा आठवड्याने आला. ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ घरी आले, चहा प्यायले, आणि साडेतीन लाख म्हणाले. हत्यार विक्रेत्याकडून सोडवून आणायचे, वारसाच्या नावाचा अर्ज करायचा, आणि मध्येच प्रवासात हरवले म्हणून तक्रार द्यायची. पुढचे ते पाहतील. उत्तरेकडे कोणाला तरी हवेच आहे. अम्मी आतून ऐकत होती. तिने कप उचलले आणि पुन्हा चहा विचारला नाही. निषिद्ध बोअरचे हत्यार बेकायदा बाळगल्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आहे. पण खरे सांगायचे तर कायद्याच्या आधी आमच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातली बातमी आली, आमच्या नावांसह. गृहस्थांना आम्ही दारापर्यंत पोचवले. तरीही पुढचे दोन दिवस साडेतीन लाख हा आकडा घरात फिरत राहिला, हेही लिहायला हवे.

मग मौलानांनी एक साधा प्रश्न विचारला. हे हत्यार तुमच्या वालिदचे, की त्यांच्या वालिदचे? बडेअब्बांचे असेल तर ते गेले तेव्हा त्याची वाटणी झाली होती का?

झाली नव्हती. बडेअब्बा 1978 साली गेले. दादी आधीच गेलेल्या. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. म्हणजे किंमत काहीही असो, तिचा तिसरा हिस्सा आमच्या फुफीचा. चव्वेचाळीस वर्षे अब्बांनी ते कपाटात ठेवले, आणि बाईमाणसाला बंदूक काय करायची, या एका वाक्यावर हिशोब मिटला होता.

फुफी जव्हारला असते. ऐंशीच्या घरात, कान तल्लख. आम्ही दोन्ही आकडे तिच्यापुढे मांडले. साडेतीन लाख घेणार नाही, हेही सांगितले. ती हसली. म्हणाली, “चला, शिरपामाळाला जाऊ. तिथे सांगते.”

शिरपामाळ गावालगतच. 1664 च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचा सत्कार केला आणि त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, म्हणून हे नाव, असे सांगतात. माळावर वारा होता. खाली दऱ्या, सागाची झाडे. फुफी एका दगडावर टेकली.

“तुमच्या बडेअब्बांनी मला इथेच ती दाखवली होती. अठ्ठेचाळीस साल. मी पाच वर्षांची. गोरा साहेब देश सोडून चालला होता, त्याच्याकडून घेतली. पावणेदोनशे रुपयांना. एवढे रोख नव्हते. अम्माची एक पाटली विकली, दीड तोळ्याची. जोडी माझ्या लग्नासाठी ठेवलेली होती. लग्नात एकच पाटली आली. सासूने विचारले, दुसरा हात कुठे आहे?”

आमच्यातला गणितवाला मनात मांडणी करू लागला. सोने तेव्हा तोळ्याला शंभरीच्या आसपास. आज दीड तोळे म्हणजे त्याच्या कित्येक पट. तिसरा आकडा मिळाला, आणि तो आम्हाला सर्वांत सरळ वाटला. विक्रेत्याचा भाव कायद्याने पाडलेला, गृहस्थांचा भाव गुन्ह्याने चढवलेला. पाटलीचा भाव निदान कोणाच्या तरी हातातून उतरलेला. आम्ही म्हटले, “फुफी, हिस्सा या हिशोबाने धरू. पन्नास हजार आम्ही आमच्या पदरचे देतो.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बंदुकीचा हिशोब इतका बारीक करता. नळीत नख धरून बघता. मग वाड्याच्या शेताचा कधी करणार?”

वाड्याजवळचे भाताचे शेत. सव्वादोन एकर. लहानपणापासून आम्ही ते आमचे म्हणून ओळखतो. तांदूळ तिथूनच येतो.

“मी हक्कसोड लिहून दिली आहे, ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “भाऊ म्हणाला, कागद आहे, चल. मला उर्दूत सही येत होती. तिथे म्हणाले, उर्दू कोण वाचणार, अंगठा द्या. दिला. परतताना भावाने बांगड्या भरल्या, काचेच्या. मला तेव्हा बरे वाटले होते, खोटे का बोलू?”

सूर्य दरीपलीकडे उतरला तेव्हा आम्ही तिला हात धरून उठवले. वाटेत कोणी फारसे बोलले नाही.

घरी आल्यावर फेरफाराची नक्कल काढली. त्यात ती नोंद आहे, आणि शेजारी जांभळ्या शाईचा अंगठा. हक्कसोडीचा कागद कायद्याने पक्का आहे, असे वकिलांनी सांगितले. मौलानांनी तो कागद हातात घेतला, पण वाचला नाही, विचारले, “खुशीने दिला होता का?” नव्वद गुंठ्यांचा तिसरा भाग तीस गुंठे. हे उदाहरण चौथीतला मुलगाही सोडवील. बहीण आणि धाकटा तयार आहेत. थोरला म्हणतो, विचार करू, पाऊस जाऊ दे. अम्मीने त्याच्या ताटात वाढताना त्याच तांदळाचा भात वाढला आणि काही म्हणाली नाही.

पन्नास हजार फुफीने घेतले. मोजून घेतले. रिव्हॉल्व्हर अजून विक्रेत्याच्या तिजोरीत आहे. त्याच्या पावतीवर नंबर आहे, बोअर आहे, नळीची लांबी आहे. किमतीच्या रकान्यात म्हाताऱ्याने आडवी रेघ मारली आहे.